अंगी लागणं

"खाते व्यवस्थित, पण अंगी लागत नाही हिच्या." माझ्या सासूबाई काळजीने हे म्हणायच्या आणि त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ते कळायला सात वर्षं लागली, कारण ज्यांना ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांनी पहिल्या अर्ध्या वाक्यावरच शंका घेतली. "नीट जेवत नसाल." "डाएट वगैरे चालू आहे का?" "पालक, बीट, खजूर वाढवा." मी जेवत होते. दोन्ही वेळा तीन-तीन पोळ्या, भाजी, वरण-भात, आठवड्यातून दोनदा अंडी, रविवारी मटण. लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, एक दिवस न चुकवता. हिमोग्लोबिन ७.४. तीन महिन्यांनी ७.९. पुढच्या तीन महिन्यांनी ७.६.

मी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गात पचनसंस्थेचा तक्ता आहे. "लहान आतड्यात पचन पूर्ण होते व पोषक घटक रक्तात शोषले जातात" हे वाक्य मी चौदा वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं. तक्त्यावरच्या गुलाबी वेटोळ्यांवरून पट्टी फिरवायची, वाक्य म्हणून घ्यायचं आणि मोठ्या आतड्याकडे वळायचं. त्या एका वाक्यात किती कामं दडलेली आहेत आणि त्यातलं शेवटचं काम थांबलं तर माणसाचं काय होतं, हे मी तिशीनंतर स्वतःच्या अंगावर शिकले. म्हणून हे लिहितेय. माझ्यासारख्या कितीजणी लोहाच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी करत असतील, ठाऊक नाही.

त्रास नुसत्या अशक्तपणाचा नव्हता. जिना चढताना धाप, फळ्यापाशी उभं राहिलं की अंधारी, केस मुठीने हातात येणं, सारखं तोंड येणं, रात्री पोटऱ्यांत गोळे. दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण तीच मी कुणाला सांगितली नव्हती. शौचाला चिकट, फिकट, तेलकट व्हायचं, दोन बादल्या ओतल्या तरी भांड्याला धरून राहायचं. मला सांगायचा संकोच आणि डॉक्टरांनी विचारलं नाही. सात वर्षांत एकानेही विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. एका ठिकाणी तर "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली होती.

शेवटी मैत्रिणीने पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी जुने सगळे रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे मांडले आणि पहिला प्रश्न शौचाचाच विचारला. मी सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "गोळी पोटात गेली म्हणजे लोह रक्तात गेलं असं नसतं. मधे एक दार आहे. ते उघडतंय का, ते आपण बघू."

लोहाचं ते दार म्हणजे लहान आतड्याची पहिली वीत. जठर संपल्यावर इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला, पंचवीसेक सेंटिमीटरचा भाग, ड्युओडेनम. बारा बोटांच्या रुंदीएवढा म्हणून त्याचं ते लॅटिन नाव पडलं. सहा-एक मीटर लांबीच्या लहान आतड्यात लोह मुख्यतः या सुरुवातीच्या टप्प्यातच आत घेतलं जातं. ते बिघडलं की पुढचं सगळं आतडं चांगलं असूनही लोहाची तूट भरून निघत नाही.

रक्त पुन्हा काढलं. साठवणीतलं लोह दाखवणारं फेरिटिन ४. ड जीवनसत्त्व ९. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्वही कमी. पण बी-१२ व्यवस्थित. डॉक्टरांनी त्या कागदावर बोट ठेवून सांगितलं, "हा कागदच मला जागा दाखवतोय. लोह, फोलेट वरच्या भागात शोषलं जातं, बी-१२ अगदी शेवटच्या भागात. तुमचा शेवट चांगला आहे, सुरुवात बिघडली आहे." टीटीजी नावाची, रक्तातल्या प्रतिपिंडांची आणखी एक तपासणी होती. तिची वरची मर्यादा २० आणि माझा आकडा १६८. नाव कळलं: सीलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तरावर आपलीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, असा आजार.

मी म्हटलं, आजपासून पोळी बंद करते. त्यांनी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. "दुर्बीण होईपर्यंत रोजच्यासारखी पोळी खायची. आता बंद केलीत तर अस्तर सुधारायला लागेल आणि तपासणीत काहीच हाती येणार नाही." हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसत्या संशयावरून स्वतःच गहू सोडणारे बरेच भेटतात. मग आजार आहे की नाही हे पक्कं करणंच अवघड होऊन बसतं.

दुर्बिणीची मला भयंकर भीती होती. रात्री आठनंतर काही खाल्लं नव्हतं. सकाळी घशात कडू फवारा मारला. जीभ जाडजूड झाली, गिळलेलं कळेना. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं दिलं. झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं होतं, कारण मला पडदा बघायचा होता. पहिला अर्धा मिनिट वाईट गेला. उमाळे, डोळ्यांतून पाणी. सिस्टरने खांद्यावर हात ठेवून "नाकाने श्वास घ्या ताई, नाकाने" म्हणत ठेवलं आणि मग ते जमलं.

पडद्यावर जठराच्या ओलसर लालसर घड्या आल्या, मग एक गोल तोंड उघडलं आणि नळी आत सरकली. डॉक्टरांनी तिथे थोडं पाणी सोडलं. निरोगी आतडं पाण्याखाली मखमलीसारखं दिसतं, लव हलताना दिसते, असं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. माझ्याकडे मखमल नव्हती. फरशीसारखं गुळगुळीत, मधे भेगा, आणि जिथे घड्यांची कड सरळ हवी तिथे ती कात्रीने नागमोडी कातरल्यासारखी. चिमट्याने पाच-सहा तुकडे घेतले. तांदळाच्या कणीएवढे. दुखलं अजिबात नाही. ते पाण्यासारख्या औषधाच्या बाटलीत तळाशी जाऊन बसलेले मी बाहेर आल्यावर पाहिले.

आठवड्याने रिपोर्ट आला: मार्श ३ब. मार्श ही अस्तराचा बिघाड मोजायची पट्टी, आकडा जास्त तसा बिघाड जास्त. ३ब म्हणजे अस्तरावरचे अंकुर, ती मखमलीची लव, बरेचसे झिजून गेलेले.

त्या दिवशी डॉक्टरांनी अर्धा तास दिला. मी विज्ञानाची शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढायला घेतलं. "डब्यात काय नेता?" मी म्हटलं, तूप-गुळाची पोळी. "मग तिचाच एक घास घेऊ."

घास चावताना लाळेने पिठूळपणाला हात घातलेला असतो, जठराने त्याची आंबट पेज केलेली असते. ती थोडी थोडी ड्युओडेनममध्ये उतरते. तिथे स्वादुपिंडाचा रस येऊन तिचा आंबटपणा मारतो, पित्ताशयातून पित्त येतं. पोळीतल्या स्टार्चचे तुकडे होतात, पण ते अजून दोन-दोन, तीन-तीन कणांच्या साखळ्या असतात. गुळातली साखरही जोडीनेच आलेली असते. अशी जोडी रक्तात जाऊ शकत नाही. ती तोडायची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, रसात तरंगत नसतात. ती आतड्याच्या अस्तरावरच, पेशींच्या ब्रशसारख्या कडेवर रोवलेली असतात. इथे मी त्यांना थांबवून पुन्हा विचारलं, कारण चौदा वर्षं मी हे "पाचक रस मिसळतात" असंच शिकवलं होतं. शेवटचा घाव रसाचा नसतो. तो भिंतीचा असतो. भिंत तोडते आणि भिंतच उचलून आत घेते. पचन पूर्ण होणं आणि शोषणं या गोष्टी एकाच जागी, एका केसाच्या अंतरात घडतात.

ग्लुकोज आत जाताना सोडियमचा हात धरून जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाब झाल्यावर आपण साखर-मीठ-पाणी देतो त्याचं मर्म इथे आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि असंख्य जीव वाचवले. आतड्याचं हे एक दार कॉलऱ्यातही उघडं राहतं, म्हणून ते शक्य झालं. ओआरएसची पुडी मी किती वेळा फोडली असेल, पण आता ती फोडताना मला ते ड्रम आठवतात.

तुपाची वाट वेगळी. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, विकर ते तोडतं, मग ते कण पेशीत जातात. आत गेल्यावर पेशी ते पुन्हा जोडून त्यांची पुरचुंडी बांधते. ही पुरचुंडी थेट रक्तात जात नाही. प्रत्येक अंकुराच्या मधोमध एक लसिकेची (लिम्फची) नळी असते, तीत शिरते आणि छातीतून वर चढून डाव्या गळपट्टीच्या हाडाजवळ शिरेला मिळते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं याच वाटेची वाटसरू. माझं तूप वाटेतच राहत होतं, म्हणून ते भांड्याला चिकटायचं, आणि ड जीवनसत्त्व ९ वर आलेलं.

अंकुरांना डॉक्टर व्हिलाय म्हणतात. मराठीत रसांकुर असा नेमका शब्द आहे. अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे. त्यांच्या प्रत्येक पेशीवर पुन्हा हजारो सूक्ष्म केस. जुन्या पुस्तकांत हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल असं लिहिलेलं असतं. मीही तेच सांगत आले. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी पुन्हा मोजलं तेव्हा ते साधारण ३० चौरस मीटर निघालं. म्हणजे तीनशे-सव्वातीनशे चौरस फूट. लग्नानंतर पाच वर्षं आम्ही ज्या वन रूम किचनमध्ये काढली, जवळजवळ तेवढं. मला हे टेनिस कोर्टापेक्षा जास्त आश्चर्याचं वाटतं, कारण ती खोली मी रोज झाडली आहे. तेवढी फरशी पोटात घडी घालून ठेवलेली आणि ती माझी बरीचशी उखडली होती.

आणि गव्हाचाच दोष का? ग्लूटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं फार. आपल्या विकरांना प्रोलीनपाशी कापता येत नाही. त्यामुळे ३३ अमिनो आम्लांचा एक लांब तुकडा न कापला जाता शिल्लक राहतो. हा तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच आतड्यात राहतो आणि बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही. ज्यांच्या जनुकांत विशिष्ट ठेवण असते त्यांच्यातल्या थोड्यांमध्ये शरीर त्या तुकड्याला शत्रू समजतं. पचन पूर्ण न झालेल्या एका तुकड्यापायी सगळी मखमल जाते. उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो. आपल्याकडे त्यामानाने कमी, पण आहे.

गहू हेच कारण आहे, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या निरीक्षणातून पुढे आलं. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि हा आजार असलेली मुलं सुधारली. पाव परत आला, मुलं पुन्हा ढासळली. १९५० च्या त्यांच्या प्रबंधात ते सगळं मांडलेलं आहे.

माझं माहेर बार्शीचं. लहानपणी घरात ज्वारीची भाकरी, पोळी फक्त सणाला आणि पाहुणे आले की. लग्न होऊन पुण्यात आले आणि दोन्ही वेळा पोळी झाली. आजार तेव्हा सुरू झाला की आधीपासून होता, हे कुणी सांगू शकत नाही, तो कुठल्याही वयात उमटू शकतो. पण आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तू इथं होतीस तवर बरी होतीस गं."

पुढचं काम स्वयंपाकघरात होतं. पोळी, पुरणपोळी, रवा, मैदा, शेवया, गव्हाच्या कुरडया, पाव, बिस्किटं, एवढं लगेच बंद झालं. लोह शिरेतून दिलं, आतड्याला वळसा घालून. दूधही तीन महिने बंद, कारण दुधातली साखर तोडणारं विकर रसांकुराच्या शेंड्यावर असतं. शेंडे जातात तेव्हा ते आधी जातं आणि सगळ्यात शेवटी परत येतं. दही-ताक चालत होतं.

पण तीन महिन्यांनी टीटीजी १६८ वरून १३१ वरच. डॉक्टर म्हणाल्या, कुठून तरी गहू जातोय. मी रडकुंडीला आले. एवढं सांभाळून? सासूबाईंनी त्या रविवारी स्वयंपाकघरातला एकेक डबा ओट्यावर काढला. मेतकूट: त्यात गहू भाजून घातलेला असतो. थालीपिठाची भाजणी: गहू. आणि मग हिंगाची डबी. त्यांनी चष्मा पुसला, डबी खिडकीपाशी धरली आणि अगदी बारीक अक्षरांतलं वाचलं: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. रोजच्या वरणात, आमटीत, ताकात सुद्धा. त्या डबी हातात धरून म्हणाल्या, "मीच घालत होते की गं तुला." मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा काय दोष? हिंगात कणीक असेल असं कोणाच्या मनात येतं?

गिरणीचं आणखी वेगळं. ज्वारीचा डबा मी नेहमीच्या गिरणीत द्यायचे. काकांना सगळं समजावून सांगितलं, तर ते जात्याच्या तोंडाशी हात फिरवून पांढरी बोटं दाखवत म्हणाले, "वहिनी, हे बघा, आधीच्या गव्हाचं शेर-पावशेर पीठ यात राहतंच. तुमचं दळण पहिलं लावलं तरी रात्रीचं असतं." त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं याचे मी उपकार मानते. ग्लूटेन नसलेला म्हणून विकायच्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं, असा आपला नियम आहे. पावशेर तर सोडाच, जात्याला चिकटलेली चिमूटभरही त्याच्यापुढे जास्त ठरू शकते. आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच जात नाही. घरच्यांच्या पोळ्या अजूनही होतात, पण त्यांचा तवा, लाटणं, परात वेगळी आणि कणीक मळून झाली की ओटा पुसायचं काम माझ्या नवऱ्याने स्वतःकडे घेतलं आहे.

सणांचं सुरुवातीला जड गेलं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. तो हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि मुलीला द्यायचा. एका बाईंनी "देवाच्या प्रसादाने काही होत नाही" म्हणून आग्रह केला तेव्हा सासूबाई मधे उभ्या राहिल्या. आता आमच्याकडे प्रसाद वरीच्या तांदळाचा होतो. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, नाचणीची भाकरी, राजगिऱ्याची वडी: आपल्या घरांत गव्हावाचून किती काय आहे, याकडे मी पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

हिंग आणि गिरणी बदलल्यावर सहा महिन्यांत टीटीजी ३८. मग डॉक्टरांनी पुन्हा लोहाच्या गोळ्या दिल्या. त्याच कंपनीच्या, त्याच लाल गोळ्या, ज्या मी सात वर्षं गिळल्या होत्या. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१. गोळी बदलली नव्हती, भिंत बदलली होती. आतड्याच्या या पेशी खोलगट तळाशी जन्मतात, अंकुरावर चढत शेंड्याला पोचतात आणि तीन ते पाच दिवसांत झडून जातात, त्यांच्या जागी नव्या येतात. मारा थांबला तसं माझ्या आतड्याने हे काम पुन्हा सुरळीत सुरू केलं. प्रौढांत अंकुर पूर्ण उंचीला यायला कधी वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं.

दीड वर्षाने दुसरी दुर्बीण झाली. या वेळी भीती नव्हती, नुसती घाई होती. नळी खाली उतरली, डॉक्टरांनी पाणी सोडलं आणि काही न बोलता पडदा माझ्या बाजूला वळवला. सगळीकडे नाही, काही पट्टे अजून उघडे होते. पण मधे, पाण्याखाली, गवताच्या पात्यांसारखी बारीक लव एका बाजूला कलत होती, परत येत होती. तोंडात नळी असल्याने मला काही बोलता आलं नाही. रिपोर्टमध्ये मार्श १ आलं.

वर्गात मी आता त्या तक्त्यापाशी दोन तास घेते.

जवळच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता जास्त, म्हणून सगळ्यांची तपासणी करायला सांगितलं. मुलीचा रिपोर्ट चांगला आला. लातूरच्या ताईचा नाही. तिचे दोन गर्भ गेलेत, रक्त कायम कमी, आणि तिलाही "खात नाहीस" हेच ऐकावं लागलंय. येत्या मंगळवारी तिची दुर्बीण आहे, मी रजा टाकली आहे. काल रात्री तिचा फोन आला. "आजपण दोन पोळ्या खाल्ल्या बघ, तू सांगितलंस तशा," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत खाते."